‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य आधी खोडा

प्रश्न असा आला आहे: “आम्ही रत्नागिरीत शिकणारे सहा जण. दोघी राज्यशास्त्राच्या, दोघे भूगोलाचे, एक कॉमर्सचा, एक संगणकशास्त्राची. अमेरिकेत विद्यार्थी जागतिक सुरक्षेवर अंदाज वर्तवतात हे वाचून आम्हीही जूनपासून दर पंधरवड्याला दोन पानी पत्रक काढतो. युद्धं, निवडणुका, सत्तांतरं, समुद्री वाहतूक असे विषय असतात. आमचा आजवर एकही अंदाज चुकलेला नाही. तरी आमचे सर म्हणतात, पत्रकात काहीच नाही. आमचं कुठे चुकतंय? आणि दिल्ली-मुंबईपासून एवढ्या लांब बसून या कामाला काही अर्थ आहे का?” सोबत पत्रकाचे चार अंक जोडलेत.

चारही अंक वाचले. सरांचं बरोबर आहे. तुमचा एकही अंदाज चुकला नाही, कारण तुम्ही एकही अंदाज केलेलाच नाही.

तुमचीच वाक्यं बघा. “होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही.” “बांगलादेशातील घडामोडींचे पडसाद ईशान्य भारतात उमटू शकतात.” “आगामी काळ पाकिस्तानच्या राजकारणासाठी निर्णायक ठरेल, अशी चिन्हे आहेत.” ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे चार अंकांत अकरा वेळा आलंय, मी पेन्सिलीने खुणा केल्या. दोष तुमचा एकट्यांचा नाही. हे वाक्य कानावर घेतच आपण सगळे मोठे झालो. पण त्याला एकदा विचारा की बाबा, तू खोटा ठरायला जगात काय घडावं लागेल? तणाव वाढला तर तुम्ही बरोबर. नाही वाढला तर ‘आम्ही कुठे वाढेलच म्हटलं होतं?’ दारात आलेल्या नंदीबैलाला पाऊस पडेल का विचारलं की तो मान हलवतो. तुमच्या पत्रकाने तीन महिने तेच केलंय.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. जहाज कंपन्यांना मार्गावरच्या धोक्याचे अंदाज देणं हे माझं मुंबईत एकोणीस वर्षांचं काम होतं, आणि पहिली काही वर्षं मीही मानच हलवली. २००८ साली सोमाली चाचेगिरी भरात येत होती. एडनचं आखात आणि सोमालियाचा पूर्व किनारा मिळून त्या वर्षी १११ हल्ले नोंदले गेले, ४२ जहाजं पळवली गेली. एका कंपनीच्या अहवालात मी लिहिलं, हल्ल्याचा धोका ‘लक्षणीय’. (अहवाल इंग्रजीत असत, शब्द याच वजनाचा.) कंपनीच्या साहेबांनी त्याचा अर्थ शंभरात वीस असा घेतला आणि जादा खर्चाला नाही म्हणाले. खलाशांनी शंभरात ऐंशी घेतला आणि तिघे जण मुंबईतच उतरले. कॅप्टन दाभोळचा. त्याने फोन करून विचारलं, “लक्षणीय म्हणजे किती हो? आणि धोका कोणाला, माझ्या जहाजाला की सगळ्या आखाताला?”

माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. त्या मार्गाने वर्षाला वीस हजारांच्या वर जहाजं जात. म्हणजे ‘पुढच्या महिन्यात कुठलं तरी जहाज पळवलं जाईल’ हे जवळजवळ नक्की, आणि ‘या फेरीत हेच जहाज पळवलं जाईल’ याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही खाली. दोन पार वेगळे अंदाज मी एका शब्दात कोंबले होते. त्या रात्री मी कॅप्टनला दोन आकडे लिहून पाठवले. हातून पाठवलेला तो माझा पहिला खरा अंदाज.

पुढे कळलं की हा घोटाळा फार जुना आहे. १९५१ साली सीआयएच्या अंदाज विभागाने लिहिलं की सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. परराष्ट्र खात्यातल्या एकाने त्या विभागातल्या शर्मन केंट यांना सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट यांच्या मनात पासष्ट-पस्तीस होतं. विचारणाऱ्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी त्याच अहवालावर काम केलेल्या सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं वीसपासून ऐंशीपर्यंत निघाली. एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत, आणि अर्थ प्रत्येकाचा निराळा! १९६४ साली केंट यांनी अशा शब्दांना आकडे बांधून दिले. जवळजवळ नक्की म्हणजे ९३ च्या आसपास, बहुधा म्हणजे ७५ च्या, निम्मी-निम्मी म्हणजे ५० च्या, अशी ती उतरंड होती.

तुम्ही हा खेळ मराठीत करा. सहा जणांनी सहा चिठ्ठ्या घ्या. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘दाट शक्यता’, ‘चिन्हं आहेत’ या शब्दांपुढे एकमेकांना न दाखवता टक्के लिहा. मी एका वर्गात हे केलं तेव्हा ‘दाट शक्यते’ला एकाने ५५ दिले आणि त्याच्या शेजारणीने ९५. ‘कदाचित’चं तर विचारूच नका. मग सहा जणांत ठरवून एक कोष्टक करा, ते पत्रकाच्या पहिल्या पानावर छापा, आणि प्रत्येक अंदाजात शब्दाबरोबर आकडाही लिहा. आकडा लिहिताना हात थरथरला तर समजा काम सुरू झालं.

आकड्यासोबत तारीख हवी आणि निकाल कोण देणार तेही हवं. ‘तणाव वाढेल’ याचा निकाल कोण देणार? ‘३१ डिसेंबरपर्यंत होर्मुझमध्ये एखादं व्यापारी जहाज कुठल्याही देशाचं नौदल किंवा सशस्त्र दल ताब्यात घेईल का, निकाल यूकेएमटीओ या व्यापारी जहाजांना धोक्याच्या सूचना देणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राच्या जाहीर सूचनांवरून’, याचा निकाल शेंबडं पोरही देईल. प्रश्न घडवायला उत्तराहून जास्त वेळ लागतो. आमच्याकडे निम्मा दिवस त्यातच जायचा.

मग वही. प्रत्येक अंदाज, तारीख, कोणाचा आकडा किती, शेवटी काय झालं. गुण मोजायची सोपी रीत ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडली. ते अमेरिकेच्या हवामान खात्यातले, हे लक्षात ठेवा. घडलं तर १, नाही घडलं तर ०. तुमचा आकडा त्यातून वजा करून वर्ग करायचा. ८० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.२ चा वर्ग, ०.०४. नाही घडलं, तर ०.६४. कायम ५० म्हणत बसलात तर दर वेळी ०.२५. गुण जितके कमी तितके चांगले. ९५ म्हणून तोंडावर पडलात तर ०.९० बसतात, आणि एवढ्या एका फटक्याने महिन्याची कमाई धुऊन जाते. असा फटका एकदा बसला की ‘नक्कीच’ हा शब्द आपोआप महाग होतो.

हवामानवाल्यांनाच हे सुचलं, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. हर्णैच्या तांडेलाला तर संध्याकाळीच मिळतं. वारा फिरेल म्हणाला आणि नाही फिरला, तर बंदरावर चार लोक ऐकवतात. राजकारणावर बोलणाऱ्यांना कोणी ऐकवत नाही. फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ ते २००३ अशी वीस वर्षं २८४ तज्ज्ञांचे अंदाज गोळा केले, ऐंशी हजारांच्या वर. सरासरी तज्ज्ञ आंधळ्या फेकीपेक्षा जेमतेम बरा निघाला, आणि ज्यांची नावं मोठी ते बहुधा जास्त चुकले. (हा ‘बहुधा’ ७० चा धरा.)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. २०११ ते २०१५ या काळात अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणांच्या आयार्पा या संशोधन संस्थेने अंदाजांची स्पर्धा घेतली. टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांचा स्वयंसेवकांचा संघ ती जिंकला. त्यातले अव्वल लोक कोण? एक जण नेब्रास्कातला, शेती खात्यातून निवृत्त झालेला. गुप्त कागद कोणाकडे नव्हते. वर्तमानपत्र, इंटरनेट, आणि चुकलो म्हणायची तयारी. तुम्ही ज्या अमेरिकी विद्यार्थ्यांबद्दल वाचलंत, त्यांची परंपराही कुठल्या राजधानीत सुरू झाली नाही. पेनसिल्व्हेनियात ईरी नावाच्या सरोवराकाठच्या गावी मर्सीहर्स्ट कॉलेजात १९९२ साली एफबीआयमधून निवृत्त झालेल्या रॉबर्ट हायबेल यांनी गुप्तवार्ता-विश्लेषणाचा अभ्यासक्रम काढला. रत्नागिरी काही त्याहून आडगाव नाही.

उलट काही गोष्टी तुम्हाला फुकट मिळाल्यात. दुसऱ्या अंकात तुम्ही लिहिलंत की जून-जुलैत सोमाली चाचेगिरी थंडावली, ‘यामागे नौदलांची गस्त कारणीभूत असावी’. अहो, कोकणातली पोरं तुम्ही! १ जून ते ३१ जुलै आपल्या होड्या कुठे असतात? वर ओढलेल्या, शाकारलेल्या. तोच नैऋत्य मान्सून अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठालाही झोडपतो, आणि चाच्यांची होडी तुमच्या गावातल्या होडीहून मोठी नसते. पावसाळ्यात हल्ले उतरतात आणि पावसाळा सरला की चढतात, हे त्या धंद्याचं ऋतुचक्र आहे. गस्तीचा परिणाम मोजायचा तर ऑगस्टची तुलना मागच्या ऑगस्टशी करा, मेशी नको. गस्त, जहाजांवरचे सशस्त्र पहारेकरी आणि कठड्यांवरची काटेरी तार यांचा एकत्र परिणाम वर्षांच्या आकड्यांत दिसतो. सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मध्ये २३७ होते, २०१२ मध्ये ७५.

तिसऱ्या अंकातली हापूसची चूक मात्र नकाशा न उघडल्याची. लाल समुद्रातल्या हूथी हल्ल्यांमुळे दुबईला जाणारा हापूस अडेल असं तुम्ही लिहिलंत. न्हावाशेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जाणारं जहाज ओमानच्या आखातातून होर्मुझमार्गे जातं. लाल समुद्र आणि त्याच्या तोंडाची बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी अरबस्तानाच्या दुसऱ्या अंगाला. २०२३ च्या अखेरीपासून ज्यांना आफ्रिकेला वळसा घालून दहा-चौदा दिवस जास्त लागू लागले, ती युरोपकडे जाणारी जहाजं. तिकडे ताजा हापूस मुख्यतः विमानाने जातो. दुबईच्या पेटीवर परिणाम शून्य असं म्हणत नाही, कंटेनरची टंचाई आणि भाडं यातून थोडा होतो. पण तो अंदाज वेगळा आणि त्याचा आकडाही लहान. आणि युरोपने आपला आंबा खरंच बंद केला तो मे २०१४ मध्ये, फळमाशीपायी. २०१५ च्या सुरुवातीला ती बंदी उठली. आंब्याच्या बाबतीत ड्रोनच्या आधी माशीचा विचार करावा.

आता जैतापूर. पहिल्या अंकात तुम्ही म्हणता, भारत-फ्रान्स जवळीक पाहता प्रकल्पाला ‘लवकरच गती मिळेल’. एक काम करा, मागच्या नोंदी काढा. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी आले डिसेंबर २०१० मध्ये, अरेवा या फ्रेंच अणुकंपनीशी करार झाला. त्यांच्यानंतरचे ओलांद आले जानेवारी २०१६ मध्ये, पुन्हा निवेदन. माक्राँ मार्च २०१८ मध्ये आले, पुन्हा करार. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीने तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. दर वेळी कुणीतरी ‘गती मिळेल’ लिहिलं. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९००, आणि त्यातल्या एकीचंही पहिलं काँक्रीट आजवर पडलेलं नाही. अंदाजाची सुरुवात इथून करायची. अशा गोष्टी आजवर कितीदा जाहीर झाल्या आणि कितीदा घडल्या? आधी तो आकडा धरायचा, मग आजच्या बातमीसाठी थोडा वरखाली करायचा. तुम्ही आजच्या बातमीपासून सुरुवात करता. सगळेच करतात, कारण बातमी ताजी असते आणि जुनी नोंद शिळी. ‘आहे तसंच राहील’ हा अंदाज कंटाळवाणा खरा, पण वहीत गुण त्यालाच पडतात.

अर्थात आहे तसं राहत नाही तेव्हा धडाक्याने बदलतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल, ऑगस्ट २०२४ मध्ये ढाका. म्हणून ‘तसंच राहील’ला ९९ कधी देऊ नका.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरला एक रिकामी नौका लागली, आत पेटीत तीन एके-४७ आणि काडतुसं. विधानसभेचं अधिवेशन चालू. फेब्रुवारी १९९३ मध्ये ज्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं ती तिथून फार लांब नाही, आणि २६/११ चे हल्लेखोरही समुद्रातूनच आले होते. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट.

त्या दुपारी मी वहीत तीन रकाने आखले: घातपात, शस्त्रांची तस्करी, भरकटलेली नौका. सीआयएतले विश्लेषक रिचर्ड्स ह्यूअर यांनी शिकवलेली रीत अशी की पुरावा आपल्या लाडक्या तर्काला किती जुळतो हे बघायचं नाही. तो कुठल्या तर्काला जुळत नाही हे बघायचं. बंदुका सापडल्या, हा सगळ्यात भयंकर पुरावा. पण तो तिन्ही रकान्यांत बसतो, कारण एडनच्या बाजूने जाणाऱ्या नौकांवर पहारेकऱ्यांची कायदेशीर शस्त्रं असत. हे मला धंद्यामुळे माहीत होतं, बाहेरच्या माणसाने तिसरा रकाना आखलाच नसता. म्हणजे ज्या पुराव्याने सगळे हादरले त्याने निवाड्याला काहीच मदत केली नाही. मदत केली ती महिना कुठला, याने. १९९३ चा माल फेब्रुवारीत आला, २६/११ नोव्हेंबरात, दोन्ही वेळा समुद्र शांत. दोनच दाखले, फार वजन देऊ नये, हे मान्य. पण हरिहरेश्वरची ऑगस्टची लाट ज्याने पाहिली आहे तो तिथे माल उतरवायला जाणार नाही. आणि जूनपासून समुद्रात सुटं झालेलं काहीही नैऋत्येच्या वाऱ्याने आपल्याच काठाला लागतं. दर पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात तसं.

मी लिहिलं: भरकटलेली ६०, तस्करी २५, घातपात १५. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की ‘लेडी हान’ नावाची ही नौका ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, २६ जूनला इंजिन बंद पडलं, माणसं वाचवली गेली, नौका वाहत गेली. साडेसात आठवडे ती वाहत होती.

यावर एक विद्यार्थी मला म्हणाला, मग पोलिसांनी उगीच हाय अलर्ट दिला. मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी लाखो लोक रस्त्यावर येणार असताना १५ टक्के म्हणजे प्रचंड. अंदाज किती, हे तुम्ही सांगायचं. त्यावर काय करायचं, हे ज्याच्या डोक्यावर जबाबदारी आहे तो ठरवतो. निर्णयाला शोभावा म्हणून आकडा फुगवायचा नाही. हा मोह मोठमोठ्यांना आवरत नाही.

बाकी भराभर. चर्चेआधी प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचाच आकडा सहा वेळा येतो. दर अंकाला एकाने ठरवून उलट बाजू मांडायची, पाळीपाळीने. जुना अंदाज बदलला तर बदलला म्हणून छापा, गुपचूप नको. समुद्रासाठी गुरुग्रामच्या आयएफसी-आयओआरचे मासिक अहवाल वाचा. हे भारतीय नौदलाचं माहिती-केंद्र डिसेंबर २०१८ पासून चालतं आणि ते अहवाल सर्वांना खुले आहेत.

आणि एक ताकीद. तुमच्या वर्गात निम्म्यांचे काका-मामा दुबईला, कुवेतला किंवा जहाजावर. त्यांच्याकडून भाव, गर्दी, अफवा सगळं ऐका. पण कुणाचं जहाज आज कुठे आहे हे पत्रकात छापू नका. तटरक्षक दलाच्या नौकांचे, जेटीचे फोटो काढू नका. आणि गटाच्या नावातला ‘गुप्तवार्ता’ शब्द काढा. काम उघड्या माहितीवरचं आहे, नाव ऐकून उगाच पोलीस ठाण्यात चहा प्यावा लागेल.

पुढच्या अंकासाठी एक प्रश्न देतो, ऋतू त्याचाच आहे: १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात सोमालियाजवळच्या समुद्रात एखादं व्यापारी जहाज चाच्यांच्या हाती पडून २४ तासांहून जास्त त्यांच्या ताब्यात राहील का? मासेमारी नौका धरायच्या नाहीत. निकाल आयएफसी-आयओआरच्या अहवालांवरून. माझ्या वहीत आज २० लिहिलंय, दसऱ्यापर्यंत बदललं तर कळवीन. तुमच्या सहा चिठ्ठ्या सहा वेगळ्या पाकिटांत घाला आणि सरांकडे द्या. सरांनाही एक लिहायला सांगा.